पपनसवाडी: गल्लीतली अकरा घरं कादंबरीत एकत्र कशी आणायची?

ओळंबा

नमस्कार. गिरगावातल्या एका काल्पनिक गल्लीवरच्या कादंबरीचा पहिला खर्डा झाला आहे. गल्लीचं नाव पपनसवाडी. लांबी साधारण ८० मीटर. एका तोंडाला जगन्नाथ शंकरशेट रस्ता, दुसऱ्या टोकाला मागच्या वाडीची भिंत, म्हणजे आलेल्याला आल्या वाटेनंच परत जावं लागतं. काळ २०१८ ते २०२५.

माणसं अशी: गिरणी कामगाराची मालवणी विधवा, निवृत्त शिक्षक, ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली) आजी, पाठारे प्रभू डॉक्टर, १९९४ मध्ये पागडी देऊन आलेलं गुजराती जैन कुटुंब, हार्डवेअरचं दुकान चालवणारा बोहरी, रत्नागिरीकडचं बौद्ध कुटुंब (मुलगी बँकेत), इस्त्रीवाला, उडुपी हॉटेलचा मॅनेजर, नेपाळी राखणदार आणि पोटमाळ्यावर भाड्यानं राहणाऱ्या मणिपूरच्या दोन नर्स.

अकरा घरं, अकरा प्रकरणं, प्रत्येकी ७,००० शब्द, एकूण ७७,०००. तीन जणांनी वाचलं आणि तिघांचं मत एकच: एकेक प्रकरण चांगलं आहे, पण हा कथासंग्रह झाला. चाळीचा पुनर्विकास ही मुख्य घटना, ती शेवटच्या दोन प्रकरणांत आहे. शेवट अनंत चतुर्दशीला, सगळे विसर्जनाच्या मिरवणुकीत भेटतात.

मला विचारायचं आहे ते असं. ही घरं बांधायची कशानं? पुनर्विकासाचे टप्पे कुठल्या क्रमानं दाखवायचे? आणि प्रत्येकाची बोली किती आणायची? सध्या सगळे एकसारखं मराठी बोलतात.

मृगजळ

वाचकांचं निदान बरोबर आहे. तुमच्या रचनेतच त्याचं कारण दिसतं. एका घराला एक प्रकरण दिलं की ते प्रकरण त्या माणसाच्या भूतकाळात शिरतं: गाव कुठलं, मुंबईत कधी आले, कोण वारलं. पण शेजाऱ्याला शेजाऱ्याचा भूतकाळ क्वचितच ठाऊक असतो. त्याला ठाऊक असतं की समोरच्या खोलीत दिवा पावणेपाचला लागतो, त्यांची बादली निळी आहे, आणि त्या घरात गेला महिनाभर कुकरची शिट्टी झालेली नाही. गल्लीची कादंबरी या माहितीवर उभी राहते.

माणसांची यादी बाजूला ठेवा आणि गल्लीतल्या सामायिक वस्तूंची यादी करा. पाण्याची टाकी, पंप, जिना, गॅलरीचा कठडा, कॉमन संडास, मीटरची खोली, गच्चीचं दार, गल्लीच्या तोंडावरचा ओटा, मागची भिंत. प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी लिहा: वापरतं कोण, पैसे भरतं कोण, साफ करतं कोण, किल्ली कोणाकडे. ही चार नावं जिथे वेगवेगळी येतील तिथे तुमचं कथानक आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवतो. चाळीत २६ खोल्या धरा. खालच्या टाकीतून वर पाणी चढवणारा दीड हॉर्सपॉवरचा पंप जळतो. का जळतो हे लेखकाला माहीत हवं. पालिकेचं पाणी त्या पहाटे कमी दाबानं आलं, खालची टाकी भरलीच नाही, पंप मात्र नेहमीच्या वेळी सुरू केला गेला. तो कोरडा फिरला, सील गेलं, वाइंडिंग जळलं. टाकीत फ्लोट स्विच असता तर पंप आपोआप बंद झाला असता. तो बसवायचं मागच्या वर्षी ठरलं होतं, वर्गणीअभावी राहिलं. आता वाइंडिंग, सील, फ्लोट स्विच आणि मजुरी मिळून ७,८०० रुपये, खोलीमागे ३०० आणि दोन दिवस पाणी नाही. सामान बोहरी दुकानदाराकडून येतं, तो मजुरी मिस्त्रीला रोख देऊन बसलेला. पहिल्या मजल्यावरची बिऱ्हाडं म्हणतात आम्हाला खालच्या नळाचं पाणी मिळतं, आम्ही का भरायचं. इस्त्रीवाला भाडेकरू नाही, पण रोज दोन बादल्या नेतो, त्याच्याकडून घ्यायचे का? नर्सेसची रात्रपाळी संपून त्या आठला येतात तेव्हा भरून ठेवलेल्या पाण्यात त्यांचा वाटा कोणी धरलेलाच नसतो. पंपाचं बटण दाबलं कोणी, हा प्रश्न वेगळाच. दहा घरं एका प्रकरणात आली आणि कोणाचाही भूतकाळ सांगावा लागला नाही.

आता मांडणी. अकरा निवेदनदृष्टी जास्त होतात, पाच ठेवा. कुठल्या पाच? ज्यांना गल्ली रोज वेगळ्या उंचीवरून दिसते त्या. माझी निवड: मालवणी बाई (दुसरा मजला, गॅलरी), बोहरी दुकानदार (तळमजला, रस्त्याकडे तोंड), बँकेतली मुलगी (सकाळी ८ ला बाहेर, रात्री ८ ला आत), इस्त्रीवाला (दिवसभर ओट्यावर, सगळ्यांचे कपडे हातात), ईस्ट इंडियन आजी (समोरचं बैठं घर, चाळ तिला पूर्ण दिसते). बाकी सहा घरं या पाचांच्या नजरेतूनच दिसू देत. शिक्षकांचं प्रकरण काढताना जीवावर येईल, पण आजीच्या खिडकीतून दिसणारे शिक्षक जास्त खरे वाटतील.

७,००० शब्दांची प्रकरणं फोडून साधारण २,२०० शब्दांची ३५ करा. पाच दृष्टींना समान वाटणी नको, वाचक क्रम ओळखतो आणि आवडत्या माणसाची वाट बघत बाकीचं चाळतो. नऊ, आठ, सात, सहा, पाच अशी विभागणी धरा. पाचातला कोणीही सलग पाच प्रकरणं गायब राहू नये, तेवढ्यात वाचक त्याला विसरतो.

खर्डा छापून घ्या, एका बाजूनंच, आणि कात्रीनं प्रसंग सुटे करा. प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर तारीख, वेळ, जागा, कोणाच्या डोळ्यांनी आणि कोणती सामायिक वस्तू हे लिहा. शेवटचा रकाना रिकामा राहतो तो प्रसंग बहुधा बंद खोलीत एकट्या माणसानं आठवणी काढण्याचा असतो. असे प्रसंग तुमच्याकडे तीसेक तरी निघतील असा अंदाज आहे. त्यांतली माहिती टाकू नका, प्रसंग टाका. माहिती कोणीतरी विचारल्यावर यावी, आणि एका वेळी १५० शब्दांच्या आत.

नकाशा काढलाय का? ए-थ्री कागद आडवा, १ सेंटिमीटरला २ मीटर. तुमची ८० मीटरची गल्ली ४० सेंटिमीटरमध्ये बसते, कागद ४२ चा असतो. दारं कुठे उघडतात, कोणाच्या खिडकीतून कोणाचं दार दिसतं, हे पट्टी लावून बघा. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला गॅलरीच्या कठड्यामुळे थेट खालचा ओटा दिसत नाही, त्याला वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस खालच्याला दिसतो. दोन प्रकरणांतली पाहण्या-ऐकण्याची चूक या एका कागदावर सापडते.

ठाकूरद्वार

पुनर्विकासाकडे वळण्याआधी वस्तीबद्दल एक दुरुस्ती. गिरगावच्या चाळी बहुतेक एका जातीच्या, एका गावाच्या किंवा एका पंथाच्या माणसांनी भरत गेल्या. मालकच तसे भाडेकरू घेत. त्यामुळे एकाच मजल्यावर ब्राह्मण शिक्षक, बौद्ध कुटुंब, बोहरी आणि जैन ओळीनं राहतात हे चित्र कारणाशिवाय पटत नाही. मिश्रण होतं ते तीन वाटांनी. तळमजल्याचे गाळे: तिथे धंदा कोणाचाही असतो. पागडीचं हस्तांतर: मूळ भाडेकरू डोंबिवली-बोरिवलीला जातो, खोली विकतो, मालक आपला हिस्सा घेऊन नव्या माणसाच्या नावानं पावती फाडतो (रिवाजानं हा हिस्सा किमतीच्या तिसऱ्या भागाच्या आसपास). आणि तिसरी वाट पोटभाडेकरूंची, तुमच्या नर्सेस त्यातल्या. प्रत्येक घर कुठल्या वाटेनं आलं ते ठरवा. बौद्ध कुटुंबाला ती खोली कोणत्या साली, कोणाच्या ओळखीनं मिळाली आणि तेव्हा चाळीत कोण काय बोललं, हे तुमच्या कादंबरीतलं एक मोठं दालन आहे. ते गाळलंत तर विविधता नुसती सजावट होईल.

ईस्ट इंडियन आजीला कोकणी बोलायला लावू नका. ही चूक छापील पुस्तकांतही होते. ईस्ट इंडियन म्हणजे उत्तर कोकणातले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. गोव्याहून आलेले वेगळे. 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ मध्ये घेतलं गेलं. त्यांचा सुगीचा सण आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, स्वयंपाकात बाटली मसाला आणि फुगे (तळलेले गोल पाव). खोताची वाडी तुमच्या काल्पनिक गल्लीपासून चालत पाच-दहा मिनिटांवर असणार, तिथली लाकडी जिन्यांची घरं एकदा बघून या.

आता कायदा, कारण तुमचं कथानक त्याच्यावरच चालणार आहे. चाळ १ सप्टेंबर १९४० पूर्वीची धरा, म्हणजे ती उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या) इमारतींच्या 'अ' वर्गात येते. दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाची. पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली. क्रम असा: मालक विकासकाशी करार करतो, मंडळ भाडेकरूंची तपासणी करून यादी प्रमाणित करतं, विकासक संमतीपत्रं गोळा करतो, ५१ टक्के झाली की मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र, मग पालिकेची नकाशा मंजुरी, प्रत्येकाशी वेगळा करारनामा, खोल्या रिकाम्या, चाळ जमीनदोस्त. २६ खोल्या आणि ५ गाळे धरले तर ३१ भाडेकरू, संमती १६ जणांची लागते. पंधरा संमत्या झाल्या आहेत आणि सोळावी कोणाची, यावर कादंबरीचा मधला एक-तृतीयांश भाग सहज उभा राहतो.

तिढे कुठे पडतात? राहत्या खोलीला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र (भिंती सोडून वापरायची जागा) मिळतं, खोली १२० फुटांची असली तरी. गाळेवाल्याला मात्र जेवढा गाळा तेवढंच. म्हणजे मालवणी बाईंची जागा दुपटीपेक्षा जास्त वाढते आणि बोहरी दुकानदाराची तेवढीच राहते, वर दोन-तीन वर्षं गिऱ्हाईक तुटतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, वाईट कोणी नाही. १३ जून १९९६ नंतर नव्यानं निर्माण केलेलं भाडेकरूत्व चटईक्षेत्र मोजताना धरलं जात नाही. जैन कुटुंबाचं १९९४ साल तुम्ही सहज निवडलं असेल, पण ते फार चांगलं पडलं आहे. समजा मालकानं जिन्याखालची जागा भिंत घालून १९९८ मध्ये उडुपीच्या मॅनेजरला दिली. त्याच्याकडे पावती आहे, वीजबिल आहे, आणि तरी तो हिशेबात नाही.

पोटभाडेकरू आणि इस्त्रीवाला यांना काहीच नाही. हे संवादात कोणी सांगायची गरज नाही. तपासणीच्या दिवशी मंडळाचा माणूस नर्सेसच्या पोटमाळ्याला शिडी न लावता पुढे जातो, एवढं पुरतं.

सगळे सही करून बाहेर पडले की गोष्ट संपत नाही. विकासक दर महिन्याला भाडं देतो आणि साधारण दीड-दोन वर्षांनी हप्ते थांबतात, हा अनुभव शहरभर आहे. काही जण संक्रमण शिबिरात (तात्पुरत्या घरांत) जातात, काही मुलाकडे, म्हणजे शेजारी पहिल्यांदाच एकमेकांना दिसेनासे होतात. तुम्ही हा सगळा भाग शेवटच्या दोन प्रकरणांत कोंबला आहे. मी असतो तर पहिली नोटीस पाचव्या प्रकरणात लावली असती. वर्ष बघून कायदा वापरा: मालक हलत नसेल तर भाडेकरूंनी पुढे यायची तरतूद (७९-अ) २०२२ च्या दुरुस्तीनं आली. २०१९ च्या बैठकीत कोणाच्या तोंडी ती येऊ देऊ नका.

पानगळ

पाच दृष्टींबद्दल मृगजळ यांच्याशी थोडा मतभेद. इस्त्रीवाल्याची दृष्टी घ्यायची तर त्याच्या प्रकरणांत चाळीच्या आतलं काहीही दिसता कामा नये. तो जिना चढतो, दारात कपडे देतो, उंबरठा ओलांडत नाही. ही मर्यादा पाळणं अवघड आहे. दोन-तीन प्रकरणांनंतर लेखक नकळत त्याला आत नेतो. पाळता येत असेल तर मात्र ती पाचांतली सर्वांत ताकदीची दृष्टी ठरेल. कोणाच्या घरातले कपडे यायचे थांबले, कोणाच्या शर्टाची कॉलर उलटून शिवली, शाळेचा गणवेश कोणत्या जूनमध्ये एकाऐवजी दोन आले, हे फक्त त्यालाच ठाऊक असतं.

शुद्धमती

बोलीबद्दल. सगळे एकसारखं मराठी बोलतात ही अडचण खरी, पण उपाय म्हणून प्रत्येक शब्द मोडून लिहू नका. वाचक दोन पानांत थकतो आणि पात्र विनोदी वाटू लागतं, जे तुम्हाला नको आहे. प्रत्येक पात्राला दोन किंवा तीन खुणा द्या आणि शेवटपर्यंत त्याच ठेवा. खुणा व्याकरणातल्या असाव्यात, उच्चारातल्या नकोत.

इस्त्रीवाल्याची मातृभाषा हिंदीकडची. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून तो 'माझा घर', 'पाणी आला' म्हणेल. सामान्यरूप गळेल: 'दुकानात' ऐवजी 'दुकानमधे'. आणि 'आपण' व 'आम्ही' यांतला फरक त्याच्याकडे नसेल, कारण हिंदीत दोन्हीला 'हम' आहे. बाकी सगळं नीट मराठी.

गुजराती कुटुंबाला याच चुका देऊ नका, ही नेहमीची गफलत आहे. गुजरातीत तिन्ही लिंगं आहेत, 'आपणे' आणि 'अमे' हा भेदही आहे, 'ळ' सुद्धा आहे. गिरगावात तीस वर्षं राहिलेली गुजराती बाई उत्तम मराठी बोलेल. तिचं गुजरातीपण हाकांत दिसेल, 'बेन', 'भाई', आणि आकडे मोजताना, कारण माणूस मनातल्या मनात आपल्याच भाषेत मोजतो. बोहरी दुकानदाराची घरची भाषा गुजरातीच्या जवळची, तेव्हा त्यालाही हेच लागू. त्याला उर्दूतले शेर म्हणायला लावू नका.

मालवणी बाईंना 'माका', 'तुका', 'खय', 'कित्याक' हे चार शब्द पुरेत, आणि तेही सगळ्यांशी नाहीत. शिक्षकांशी त्या प्रमाण मराठीच्या जवळ जातील, बहिणीशी फोनवर पूर्ण मालवणीत. ती कोणाशी कुठलं मराठी बोलते यातच तिचं गल्लीतलं स्थान आलं. राखणदार आणि नर्सेस सुरुवातीला हिंदीत बोलू देत. हिंदी संवाद देवनागरीत सरळ द्या, भाषांतर जोडू नका.

ईस्ट इंडियन बोली तुम्हाला कानानं येत नसेल तर नक्कल करू नका. आजी कमी बोलेल, छोटी वाक्यं बोलेल, घरच्या माणसांना घरच्या नावानं हाक मारेल. चुकीच्या बोलीपेक्षा हे बरं.

एक काम आधी करा: हाकांचा तक्ता. अकरा घरांतली मुख्य चौदा माणसं धरली तर कोण कोणाला काय म्हणतो याच्या १८२ जोड्या होतात. सगळ्या भरायच्या नाहीत, ज्यांची भेट होते त्याच. शिक्षक मालवणी बाईंना 'वहिनी' म्हणतात का आडनावानं? बाई शिक्षकांना 'गुरुजी' म्हणतात की 'मास्तर'? बोहरी दुकानदाराला मोठी माणसं 'शेठ' म्हणतील, मुलं 'चाचा'. डॉक्टरांना सगळे 'डॉक्टर'च म्हणतील, त्यांची बायको मात्र कोणाची 'काकू', कोणाची 'मॅडम'. शिक्षक बँकेतल्या मुलीला 'अगं' म्हणतात, तिच्या आईला 'अहो बाई'. आणि मुलीच्या वडिलांना? तिथे ते 'अरे' म्हणत असतील तर त्यामागे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि ज्या दिवशी ते 'अहो' म्हणतात तो दिवस कादंबरीत तारखेसह यायला हवा. नाती बदलली हे मराठीत एका सर्वनामानं सांगता येतं. तुमच्या खर्ड्यात सगळे सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत असतील तर अर्धी गल्ली तिथेच हरवली आहे.

ओळंबा

सगळ्यांचे मनापासून आभार. हाकांचा तक्ता आज करायला घेतला, शिक्षक खरंच सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत होते. दोन प्रश्न उरले. मालवणी बाईंच्या खोलीची पावती अजून सासऱ्यांच्या नावावर आहे असं मी लिहिलं आहे, हे शक्य आहे का? आणि विसर्जनाचा शेवट कसा वाटतो? तिथे सगळे समोरासमोर येतात, मोठा संवाद आहे.

पानगळ

विसर्जनाचा शेवट बदला असं सुचवेन. गिरगाव चौपाटीकडे जाणाऱ्या मिरवणुका अनंत चतुर्दशीला याच रस्त्यांवरून जातात. ढोल-ताशात कानाला लागून ओरडलं तरच ऐकू येतं. तिथे अकरा घरांचा लांब संवाद होऊच शकत नाही. शिवाय गणपतीत सगळे एकत्र येतात हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं.

पंचांग जवळ घेऊन बसा, तुमच्या सात वर्षांत याहून चांगले दिवस आहेत. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. मुंबईतला ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं मुस्लिम संघटनांनी ठरवलं. त्या दोन दिवसांमधली रात्र, गल्लीत गुलाल, पाण्याच्या बाटल्या, झोपलेली मुलं, आणि झाडू घेऊन उतरलेली माणसं. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आणि रमजान ईद ११ ला, २०२५ मध्ये ३० आणि ३१ मार्चला. फक्त लक्षात ठेवा, दाऊदी बोहरींचं पंचांग गणिती आहे, चंद्र दिसण्यावर अवलंबून नाही, म्हणून त्यांची ईद बहुधा एक-दोन दिवस आधी येते. उडुपीच्या मॅनेजरनं 'उद्या ईद ना?' म्हणावं आणि दुकानदारानं 'आमची झाली' म्हणावं, इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही. जैनांची संवत्सरी गणेश चतुर्थीच्या दिवशी किंवा अगदी लगत येते: एका घरात उपवास आणि क्षमापना, शेजारी मोदक.

माझ्या मते तुमच्या काळातला सर्वांत भरलेला दिवस ५ ऑगस्ट २०२०. टाळेबंदी चालू, सामान्य प्रवाशांसाठी लोकल बंद, दुपारी अयोध्येतलं भूमिपूजन घराघरात टीव्हीवर, आणि संध्याकाळी दक्षिण मुंबईवर कोसळलेला पाऊस. कुलाब्याला चोवीस तासांत ३३० मिमीच्या आसपास, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. महिनोन्महिने एकमेकांपासून लांब राहिलेली माणसं पाणी चढल्यावर जिन्यात येतात. बोहरी दुकानदाराचा माल तळमजल्यावर. तो कोणाच्या खोलीत चढवायचा आणि कोण दार उघडतं? हा प्रसंग शेवटाला नको, मध्यावर ठेवा. सोळावी संमती पुढे कोण देतं याचं बीज त्यात पडेल.

जाता जाता एक: २६ जुलै २००५ ची आठवण कोणाच्या तोंडी घातली असेल तर तपासा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला ७३ च्या आसपास. गिरगावचा माणूस त्या दिवशी उपनगरात अडकलेल्या मुलाची वाट बघत होता, स्वतः बुडत नव्हता. आणि २०२० चा गणपती दाखवलात तर सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती, घरच्या मूर्तीला दोन. लोकल १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळांपुरती सुरू झाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद, मग १५ ऑगस्टपासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांसाठी. बँकेतली मुलगी अत्यावश्यक सेवेत मोडते का नाही, यावर तिची त्या वर्षातली सगळी प्रकरणं अवलंबून राहतील.

ठाकूरद्वार

सासऱ्यांच्या नावाची पावती अगदी शक्य आहे, अशा शेकडो पावत्या असतील. मालक भाडं घेतो, नाव बदलायला टाळाटाळ करतो, कारण नाव बदलणं म्हणजे हक्क मान्य करणं. भाडं घ्यायचंच बंद केलं तर भाडेकरू मनीऑर्डर करतो आणि परत आलेली पावती जपून ठेवतो. बाईंच्या ट्रंकेत १४० रुपयांच्या मनीऑर्डरींच्या परत आलेल्या पावत्यांचा गठ्ठा ठेवा, रबर लावून.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ मधला (अमलात ३१ मार्च २०००) नियम तुमच्या फार उपयोगाचा आहे. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर त्या वेळी राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो. तसं कोणी नसेल तरच वारस, आणि आपसात जमलं नाही तर न्यायालय ठरवतं. हे भाडेकरूत्व मृत्युपत्रानं कोणाला लिहून देता येत नाही. म्हणजे सासरे वारले तेव्हा खोलीत कोण राहत होतं हाच सगळा प्रश्न. दीर तेव्हा विरारला राहायला गेला होता की जायचा होता? पुरावा कशाचा? रेशनकार्ड, मतदारयादी, दवाखान्याचे कागद. आणि तोंडी साक्ष द्यायची तर शेजाऱ्यांनी. शिक्षकांना आठवतं की दीर त्या वर्षी गणपतीनंतर गेला. आजीला खिडकीतून टेंपो दिसला होता, पण तो आधीचा का नंतरचा हे तिला नक्की सांगता येत नाही. इस्त्रीवाल्याच्या वहीत मात्र दिराच्या शर्टांचा हिशेब आहे, तारखांसह.

पावती सासऱ्यांच्या नावावर राहिली तर प्रमाणित यादीत बाईंच्या खोलीपुढे 'वारस वादात' असा शेरा पडेल आणि त्यांची संमती मोजली जाणार का, यावरच भांडण होईल. तुमची सोळावी सही तीच करा. मृगजळ यांनी सांगितलेल्या प्रसंगांच्या सुट्या कागदांवर या प्रसंगाची सामायिक वस्तू म्हणून इस्त्रीवाल्याची वही लिहा, आणि ती वही ५ ऑगस्टच्या पावसात भिजली की वाचली हे आधीच ठरवून ठेवा.